आकाश निरभ्र म्हणजे ऊन पडणारच का?

गिरणाकाठ

आमच्या गावच्या शेतकऱ्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. हवामान विभागाचा अंदाज रोज सकाळी तिथे टाकायचं काम माझ्याकडे. परवा टाकलं, 'आकाश मुख्यतः निरभ्र राहील.' पाच मिनिटांत आमच्या गल्लीतल्या आप्पांचा फोन. "ते निरभ्र-बिरभ्र ठीक आहे, ऊन पडेल का सांग."

म्हटलं आप्पा, निरभ्र म्हणजे ढग नाहीत, ढग नाहीत म्हणजे ऊनच. तर म्हणतात, "असं कुठं असतं? काल ढग होता का? नव्हता. ऊन होतं का? नव्हतं. कापूस अकरापर्यंत ओला होता."

त्यांचं खरंच होतं. सध्या गिरणा नदीच्या पट्ट्यात सकाळी धुई, म्हणजे धुकं, इतकी पडते की बोंडातून पाणी टिपकतं. आकाश निळं दिसतं, पण अंगाला काही जाणवत नाही.

मोबाईलवरचं हवामानाचं ॲप मराठीत लावलं तर ते लिहितं 'बहुतांशी सूर्यप्रकाशित'. हा शब्द मी उभ्या आयुष्यात कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही.

तर प्रश्न असा, की ऊन म्हणजे नक्की काय? उजेड, उष्णता, की हवामानाची स्थिती? आणि ग्रुपवर मी रोज काय लिहावं? तुमच्या भागात काय म्हणतात तेही सांगा.

भुसावळ_जंक्शन

मे महिन्यात भुसावळला या. फलाट क्रमांक विचारायच्या आत कळेल ऊन म्हणजे काय.

गिरणाकाठ

नोव्हेंबर चाललाय भो. उद्याचं सांग.

जुने_मास्तर

आप्पा बरोबर आहेत, आणि शब्दाचा इतिहास त्यांच्या बाजूने आहे.

संस्कृत 'उष्ण', त्याचं प्राकृतात 'उण्ह', आणि त्यावरून आपलं 'ऊन'. म्हणजे मुळात हा शब्द उजेडाचा नाहीच, उष्णतेचा आहे. पुरावा घरातच आहे. आपण 'ऊन ऊन भात' म्हणतो, 'ऊन पाण्याने अंघोळ' म्हणतो. त्या भातावर काही सूर्य पडलेला नसतो.

मधला 'ह' कुठे गेला असं वाटेल. तो लपून बसलाय. 'ऊन' म्हणताना दिसत नाही, पण विभक्ती लागली की बाहेर येतो: उन्हात, उन्हाचा, उन्हाला. उन्हाळा म्हणजे उष्णकाल. मुलं 'ऊनात' लिहायची तेव्हा मी हेच सांगायचो, की बाळा, ह बाहेर उभा आहे, त्याला आत घे.

अमळनेरची_मी

मास्तर, आणि 'उणे'? अधिक-उणे मधलं? लहानपणी मला वाटायचं उन्हात वस्तू सुकून कमी होतात म्हणून उणे.

जुने_मास्तर

तर्क गोड आहे, पण ते कूळ वेगळं. संस्कृतात 'ऊन' म्हणजे कमी, न्यून. एकोणीस म्हणजे एकोनविंशति, एकाने उणे वीस. आपल्या उन्हाचा त्याच्याशी संबंध नाही.

यावल_रावेर

अवांतर आहे पण राहवत नाही. आमच्या भावजयी बऱ्हाणपूरच्या. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात आईने सांगितलं, "हे कपडे उन्हात टाक." वहिनी घरभर लोकरीचे कपडे शोधत फिरल्या, कारण त्यांच्याकडे ऊन म्हणजे लोकर. संध्याकाळी आई म्हणाली, "देवाला धूप दाखव." वहिनी रडकुंडीला येऊन म्हणाल्या, "अब धूप कहाँ, शाम हो गयी!"

आता त्या आमच्यापेक्षा चांगली लेवा बोली बोलतात. 'उन्हायात केयीले (उन्हाळ्यात केळीला) पानी जास्त लागते' वगैरे एकदम सहज.

अमळनेरची_मी

खिक्! धूप दाखव म्हणजे कहर आहे.

पुण्यातला_खान्देशी

मास्तरांशी थोडा असहमत. व्युत्पत्ती उष्णतेची असेल, पण आजचा वापर बघा. 'फोटो उन्हात काढ, सावलीत काळा येईल.' 'डोळ्यावर ऊन येतंय, पडदा ओढ.' 'कौलातून उन्हाची तिरीप आली.' यात कोणी तापमान मोजत नाही, सगळा उजेडाचाच मामला आहे. शब्द जन्माला एका घरी येतो आणि नांदतो दुसऱ्या घरी. मूळ दाखवून आजचा अर्थ ठरत नाही.

जुने_मास्तर

मग तिन्हीसांजेला सूर्य मावळल्यावर चांगला अर्धा तास उजेड असतो. त्याला ऊन म्हणाल का? ढगाळ दुपारीही भरपूर उजेड असतो. त्याला?

पुण्यातला_खान्देशी

नाही म्हणणार. पण थंडही नाही म्हणणार. गाडी अडली म्हणायची.

धुळ्याची_विज्ञानवाली

गाडी मी काढते. तुम्ही दोघं दोन टोकांना आहात, मोजणारी माणसं मध्ये उभी आहेत.

'निरभ्र' हा शब्द फक्त ढगांबद्दल बोलतो. हवामान निरीक्षक आकाशाचे मनाने आठ भाग करतो आणि त्यातले किती ढगांनी भरलेत ते लिहितो. ढग नसले की निरभ्र. वरचं आकाश दिसत असेल तोवर खाली जमिनीवर धुई असो, धूळ असो, त्या आकड्याला फरक पडत नाही.

ऊन मोजायचं यंत्र वेगळं असतं. जुन्या वेधशाळांमध्ये काचेचा एक भरीव गोळा असतो, त्याच्यामागे जाड कागदाची पट्टी. सूर्य सरकतो तसा गोळ्यातून एकवटलेला किरण पट्टीवर सरकतो आणि तिला जाळत जातो. संध्याकाळी पट्टी काढायची आणि जळलेली लांबी मोजायची. तितके तास ऊन. ढग आला की मध्ये पट्टी कोरी राहते. धुईतून आलेला फिका सूर्यही पट्टी जाळत नाही. आता यासाठी आंतरराष्ट्रीय व्याख्या आहे: सूर्याकडून थेट येणारी ऊर्जा चौरस मीटरला १२० वॅटपेक्षा जास्त असेल तरच ते ऊन धरायचं.

यंत्र नसेल तर सोपी कसोटी आहे. अंगणात उभं राहा. सावलीची कड स्पष्ट दिसली तर ऊन, विरघळल्यासारखी दिसली तर नाही. त्यामुळे आप्पांचं वाक्य शंभर टक्के शास्त्रीय आहे: ढग नव्हता आणि ऊनही नव्हतं.

गिरणाकाठ

ताई, हे आप्पांना दाखवलं तर ते मला ग्रुपमधून काढून स्वतः अंदाज टाकायला लागतील.

पथारी_नंदुरबार

उशिरा आलो, पण हा धागा आमच्या पोटाचा आहे. आमचं काम मिरचीच्या पथारीवर. बाहेरच्या लोकांसाठी सांगतो: नंदुरबार मिरचीची मोठी बाजारपेठ. ओली लाल मिरची विकत घ्यायची आणि शहराबाहेरच्या मोकळ्या मैदानांवर पसरून वाळवायची. नजर जाईल तिथपर्यंत लाल. त्या मैदानाला आम्ही पथारी म्हणतो.

आमच्यासाठी ऊन म्हणजे हवामान नाही, मजूर आहे. बाया मिरची उलटतात, आणि उरलेलं सगळं काम ऊन करतं. आणि ते मजुरासारखंच, कधी कामावर येतं, कधी दांडी मारतं. धुई-आभाळ सलग राहिलं की मिरचीचा लाल रंग उडतो, पांढरट पडते, त्याला फटकी म्हणतात. फटकी वेगळी काढावी लागते आणि भाव पडतो. अवकाळी आला तर काही बोलायलाच नको, ताडपत्री घेऊन पळापळ.

एक गंमत सांगतो. आमच्यात 'मिरचीला ऊन लागलं का?' हा रोजचा प्रश्न. लागलं म्हणजे चांगलं झालं. पण 'अमक्याला ऊन लागलं' म्हटलं की त्याला उचलून सावलीत न्या, पाणी मारा, दवाखान्यात न्या. क्रियापद तेच. मालाला लागलेलं चांगलं, माणसाला लागलेलं वाईट.

बिबडेवाली

पथारीदादा, अगदी! आणि 'ऊन दाखवणं' राहिलं की. गाद्यांना ऊन दाखव, डाळीला ऊन दाखव, लोणच्याच्या बरणीला ऊन दाखव. पाहुण्याला घर दाखवावं तशी आपण बरणीला ऊन दाखवतो.

आता माझा मुद्दा. स्वयंपाकघरात ऊन हे माप आहे. आई सांगायची, "कुरडईला दोन उन्हं दे, बिबड्यांना तीन." म्हणजे दोन दिवसांचं कडक ऊन. ढगाळ दिवस गेला तर तो मोजायचाच नाही. तारखेने दिवस चार गेले तरी उन्हं दोनच झाली असं होऊ शकतं. धुळ्याच्या ताई म्हणतात ती जळकी पट्टी आमच्या आईच्या डोक्यातच होती.

ज्यांना बिबडे माहीत नाहीत त्यांच्यासाठी: ज्वारी भिजवून, भरडून, आंबवून, घाटा शिजवायचा, त्यात तीळ, लसूण, तिखट. पहाटे अंधारात चूल पेटते, कारण सूर्य वर यायच्या आत घाटा शिजून धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, गेला पाहिजे. ओल्या कापडावर हाताला पाणी लावून थापायचे. नऊ-दहाच्या सुमाराला कड उचलायला लागते, बिबडा आपोआप कापडापासून सुटायला बघतो. ती वेळ गाठायची आणि उलटवायचा. लवकर उलटवला तर फाटतो, उशीर केला तर कापडाला चिकटून तडकतो. घड्याळ कोण बघतं? पायाला धाबं चटकायला लागलं की समजायचं वेळ झाली. राखणीला पोरं बसवायची, कावळ्यांसाठी. निम्मा घाटा आधी पोरंच खातात ते वेगळं.

हे सगळं आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आगेमागे. लेकी माहेरी आलेल्या, निंबाला झोके बांधलेले, गौराईची गाणी, आणि वर ते ऊन. मे महिन्यात कोणी म्हणत नाही 'वा, काय छान ऊन पडलंय'. पण बिबडे घातले असतील तर म्हणतात! त्या दिवशी तेच ऊन छान.

जुने_मास्तर

बिबडेवाली ताईंनी अनेकवचन काढलं ते फार महत्त्वाचं. ऊन एकवचनात असताना पदार्थ असतो. 'उन्हं' झाली की काळ होतो. उन्हं वर आली, उन्हं उतरली, उन्हं कलली. 'उन्हं कलल्यावर निघू' म्हणजे साधारण चार-साडेचार. 'उन्हं तोंडावर आली तरी लोळतोय' हे तर प्रत्येकाने ऐकलेलं.

भुसावळ_जंक्शन

शेवटचं वाक्य आमच्या घरी रोज सकाळी वाजतं. गजर म्हणून.

संत्रानगरी

मी नागपूरचा, खान्देशाचा जावई. आमच्याकडे 'तपन' म्हणतात. 'लय तपन हाय बाहेर.' ऊन म्हणतोच, पण मे महिन्यात तपन. आणि भुसावळवाल्यांनी उगाच मिरवू नये, खरं ऊन नागपूर-चंद्रपूरला.

भुसावळ_जंक्शन

आले! जावईबापू, आखाजीला सासुरवाडीला आला होता तेव्हा दुपारी बाराला माठाला मिठी मारून बसला असाल. मागच्या मे मध्ये माझ्या गाडीत ५१ दाखवत होतं.

संत्रानगरी

माझ्या गाडीत ५२.

पॉपकॉर्न_घ्या_कोणी

५३. बोली लावा.

धुळ्याची_विज्ञानवाली

दोघांच्या गाड्या उन्हात उभ्या होत्या, म्हणून दोघांचे आकडे बाद.

तापमापक उन्हात ठेवत नाहीत. पांढरी, झडपांची लाकडी पेटी असते, जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटर उंच, हवा खेळती राहील अशी. आत मोजतात ते हवेचं, सावलीतलं तापमान. बातमीत ४५ अंश येतं ते सावलीतलं. उन्हातलं काळं पत्र्याचं बॉनेट किती तापतं याची स्पर्धा करायची तर खुशाल करा.

उष्णतेच्या लाटेचे निकषही सावलीतल्या तापमानावरच आहेत. मैदानी भागात कमाल तापमान निदान ४० अंश हवं आणि सरासरीपेक्षा ४.५ अंश किंवा अधिक जास्त हवं, नाहीतर सरळ ४५ अंश गाठलेलं हवं. त्यामुळे भुसावळ आणि चंद्रपूर दोघंही जवळजवळ दर उन्हाळ्यात यादीत असतात. वाद मिटवा.

भुसावळ_जंक्शन

म्हणजे टाय?

कोकणातला_पाहुणा

तुमचं वाचून घाम आला. आमच्याकडे जून ते सप्टेंबर ऊन म्हणजे सण. पाऊस थांबून जरा सूर्य दिसला की सगळ्या वाडीतल्या दोऱ्यांवर कपडे. आम्ही त्याला 'उघाड पडली' म्हणतो. मला वाटतं मूळ प्रश्नकर्त्याला पाहिजे तो शब्द हाच असावा. चांगल्या, उजळ हवेचा.

चोपडा_कोरडवाहू

पाहुणे मुद्द्यावर आले. आम्ही 'उघडीप' म्हणतो, वर्तमानपत्रंही तेच लिहितात. पण ती सगळ्या हवामानाला चालत नाही, फक्त पावसाळ्यातली चीज आहे.

वाक्यरचना बघा. 'पावसाने उघडीप दिली.' ऊन देत नाही, सूर्य देत नाही, पाऊस देतो. सावकाराने मुदत द्यावी तशी. आणि मुदतीत काय काय उरकायचं असतं ते शेतकऱ्याला विचारा. कपाशीची लावण झाली, वर सलग झड लागली, की रानात पाय टाकता येत नाही. काळी जमीन, पायाला दोन-दोन किलो चिखल. तण कपाशीच्या वर जातं, मुळाशी पाणी साचून झाड पिवळं पडतं. सगळे वर बघत बसलेले. मग उघडीप मिळते. पहिल्या दिवशी काही करायचं नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाफसा येतो, म्हणजे मातीची मूठ आवळली तर गोळा होतो आणि टाकला तर फुटतो, अशी ओल. तेव्हा कोळपणी, निंदणी, खत, फवारणी, सगळं एकदम. मजूर मिळत नाहीत कारण सगळ्या गावाला त्याच दिवशी हवे असतात.

पण हीच उघडीप लांबली की तिचं नाव बदलतं. मग आम्ही 'खंड पडला' म्हणतो. वरती ऊन तेच, आभाळ तेच निळं. जमिनीला भेगा पडायला लागल्या की उघडीप संपली आणि खंड सुरू झाला. कोणत्या दिवशी ते हलक्या रानात आणि भारी रानात वेगळं असतं. माझ्या बरड तुकड्यात खंड चालू असतो तेव्हा नदीकाठच्या भावाकडे अजून उघडीपच असते. एकाच घरात.

म्हणून म्हणतो, ॲपवाल्याने एकच शब्द देऊन भागणार नाही.

पुण्यातला_खान्देशी

या प्रतिसादासाठी वाचनखूण साठवली. उघडीप आणि खंड यांच्यातली सीमारेषा जमिनीवर असते, आकाशात नाही, हे भारीच.

संत्रानगरी

+१. (भुसावळचं मात्र मान्य नाही.)

कापडण्याचा_पोऱ्या

आमनी अहिराणीले इसरी ग्यात का सगळा? अहिराणीत 'आलं' ला 'उनं' म्हणतात. पाऊस उना, मावशी उनी. आणि सकाळी धुई गेली की माझी आजी ओसरीवरून ओरडते, "ऊन उनं रे भाऊ, ऊठ!"

प्रमाण मराठीत ऊन 'पडतं', आमच्याकडे 'येतं'. पाहुण्यासारखं. आणि दुपारी बाहेर निघालो की, "उनमा नको फिरू, सावलीमा बस." आजीचं ऊन येतं तेव्हा चांगलं आणि फिरायला गेलं की वाईट.

अमळनेरची_मी

"ऊन उनं" हे आजपासून माझं स्टेटस.

जुने_मास्तर

पोऱ्याने नकळत फार चांगलं निरीक्षण दिलंय. 'पडणं' असो की 'येणं', दोन्ही घटना आहेत. आधी नव्हतं, आता आलं. म्हणून 'ऊन पडलं' आपण पावसानंतर म्हणतो, धुईनंतर म्हणतो, सकाळी म्हणतो. मे महिन्यात दुपारी दोनला कोणी 'ऊन पडलंय' म्हणत नाही. तेव्हा 'ऊन आहे', 'ऊन तापलंय', 'ऊन मी म्हणतंय'. आप्पांनी काय विचारलं? 'ऊन पडेल का?' त्यांना घटना हवी होती, तुमचा अंदाज स्थिती सांगत होता.

पाटणादेवी_फिरस्ता

चाळीसगावचा आहे, म्हणून थोडं आकाशाचंही बोलतो. आमच्या पाटणच्या परिसराशी भास्कराचार्यांचं नाव जोडलेलं आहे, तेव्हा हक्क पोचतो.

खान्देशातलं मे अखेरचं ऊन शब्दशः डोक्यावर असतं. जळगाव साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर. २५-२६ मे च्या आसपास दुपारी सूर्य बरोबर माथ्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. घड्याळात तेव्हा बारा नव्हे, साधारण १२ वाजून २५ मिनिटं झालेली असतात, कारण आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाचं आणि जळगाव त्याच्या बरंच पश्चिमेला. दुसऱ्यांदा हे जुलैच्या मध्यानंतर होतं, पण तेव्हा आभाळ असतं, कोण बघणार. नंदुरबार थोडं उत्तरेला, तिथे मे मध्ये एक-दोन दिवस उशिरा.

उलट डिसेंबर अखेरीस ऐन दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४५ अंश वर चढतो. दिवस ११ तासांहूनही लहान, जूनमध्ये तोच १३ तासांहून मोठा. म्हणजे तेच निरभ्र आकाश, पण जमिनीच्या हाती पडणारं ऊन तिरकं, पसरलेलं आणि कमी वेळ. त्यातली सकाळ धुईने खाल्ली तर कापसाच्या वाट्याला उरतं काय?

चोपडा_कोरडवाहू

उरतं ते व्यापाऱ्याच्या वाट्याला. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदीत ओलावा ८ ते १२ टक्क्यांत बसावा लागतो, वर गेला की माल परत. खाजगीत परत करत नाहीत, मूठभर कापूस दाबून बघतात आणि 'ओला आहे भाऊ' म्हणत भाव पाडतात. मागच्या वर्षी एका व्यापाऱ्याने माझा दोन दिवस धाब्यावर वाळवलेला कापूसही ओला ठरवला. त्याच्या हातालाच घाम होता बहुतेक.

बिबडेवाली

तो हात कापसाला पुसत असेल, म्हणून ओला लागत असेल!

अमळनेरची_मी

मूळ प्रश्नावर: ॲपवाल्यांनी सरळ 'ऊन' लिहावं. दोन अक्षरं. 'आज ऊन.' सूर्यप्रकाशित तर लग्नपत्रिकेतल्या विशेषणासारखं वाटतं, चि. सौ. कां. सूर्यप्रकाशित.

पुण्यातला_खान्देशी

पण नुसतं 'ऊन' वाचून जळगावचा माणूस छत्री घेईल आणि महाबळेश्वरचा माणूस खुर्ची घेऊन अंगणात बसेल. विशेषण लागणारच. थंडीत कोवळं ऊन, आश्विनात चटका देणारं, मे मध्ये रणरणतं. 'स्वच्छ ऊन' हा मला सर्वांत निरुपद्रवी वाटतो.

पथारी_नंदुरबार

स्वच्छ चालेल. आमचे मुकादम 'खणखणीत ऊन' म्हणतात. पैसे वाजवून घेतल्यासारखं.

गिरणाकाठ

सगळ्यांचे आभार. सगळं वाचून आज सकाळी ग्रुपवर असं टाकलं: 'आभाळ मोकळं. सकाळी धुई. दहानंतर ऊन पडेल, संध्याकाळी लवकर गारठा.' निरभ्र काढून टाकलं.

आप्पांचा अंगठा आला. पाठोपाठ मेसेज: 'वेचणीच्या बायांना दहाला बोलावतो.' त्यावर ग्रुपमध्ये दुसरं भांडण लागलं, की दहाला आल्या तर सुट्टी पाचलाच द्यायची की सहाला. चाळीसच्या वर मेसेज झालेत, त्यात हवामानाचा एकही नाही.

चोपडा_कोरडवाहू

किलोवर द्या म्हणावं वेचणी. तासाचा प्रश्नच नाही.

गिरणाकाठ

किलोवरच आहे. तरी भांडण आहे.

पथारी_नंदुरबार

दहानंतर म्हणता? आमच्याकडे आज साडेअकरापर्यंत मैदानाचं दुसरं टोक दिसत नव्हतं. आणि ही धुई नव्हे, आम्ही याला धुवारी म्हणतो. दोन्ही एकच का?

यावल_रावेर

एकच नाही. धुवारी दाट असते, धुई पातळ.

कापडण्याचा_पोऱ्या

उलटं से भो.

धुळ्याची_विज्ञानवाली

त्यासाठी वेगळा धागा काढा. इथे अजून भुसावळ-नागपूर सामना चालू आहे.

भुसावळ_जंक्शन

चालू नाही, आम्ही जिंकलोय.